चालणारी रेघ

दोरावहिनीला आयुष्यात कधी धक्का बसलाच नव्हता, असं नाही. नवरा चहाचा कप हातात धरून बोलता बोलता गेला, तेव्हा बसला होता. पण त्या धक्क्यालाही काही रीत होती. माणसं मरतात, हे तिला ठाऊक होतं. सुईची रेघ चालते, हे मात्र तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

आता ही रेघ म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. अंगातला बनियन काढा, उजेडात धरा आणि जरा ताणा. बारीक बारीक उभ्या ओळी दिसतील. एकेक ओळ एकेका सुईची. गोल विणमशीनमध्ये पिंपाएवढं लोखंडी सिलिंडर असतं आणि त्याच्या कडेनं, आपापल्या खाचेत, सुयाच सुया उभ्या असतात. सिलिंडर फिरतं, सुई आपल्या पाळीला वर येते, वरच्या कोनवरून, म्हणजे शंकूसारख्या रिळावरून, आलेला दोरा आकड्यात पकडते, जुन्या टाक्यातून ओढून घेते आणि खाली जाते. कापड उतरतं ते सलग नळीसारखं, ना शिवण ना काठ, एखाद्या राक्षसाचा पायमोजा असावा तसं. यातल्या एका सुईचा आकडा केसभर जरी वाकला, तरी तिची ओळ बिघडते. मग रोलच्या पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत एक उभी रेघ पडते. सुई बदलेपर्यंत ती रेघ जागची हलत नाही. हलणार कशी? सुई खाचेत बसलेली असते, तिला काही पाय फुटत नाहीत.

ज्या शेडमध्ये दोरावहिनी कापड तपासायची, तिथे अशी तीन मशीनं होती. एकावर रिब व्हायचं, म्हणजे कॉलर आणि मनगटपट्ट्यांचं कंगोरेदार कापड. दुसऱ्यावर थंडीच्या कपड्यांचं जाड कापड. या दोन्हींत बारीकसारीक रेघ लपून जाते. तिसरं मशीन सगळ्यांत जुनं, त्याला सगळे 'थोरली' म्हणायचे. थोरलीवर साधं, एकेरी, अगदी तलम कापड निघायचं, तान्ह्या बाळांच्या झबल्यांसाठी. त्यात काही म्हणजे काही लपत नाही.

थोरली आधी दोरावहिनीचा नवरा चालवायचा. तो गेल्यावर त्याचा धाकटा भाऊ चालवायला लागला. त्याला शेडमध्ये चक्री म्हणायचे, कारण पाळीभर तो मशीनभोवती फिरत असायचा. जेवायला बसण्याआधी ताटालाही एक फेरी मारतात, असं त्याची बायकोच सांगायची. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा हा दीर हाफपँटमध्ये होता आणि भूक लागली की आईला सोडून हिला शोधायचा. दोघांत बोलणं कमी. पण चक्रीचं कापड म्हणजे चक्रीचं कापड. इतक्या वर्षांत त्याच्या रोलमध्ये सुईची रेघ सापडली नव्हती, आणि सापडली असती तर वहिनीनं सोडली नसती.

सोडणाऱ्यातली ती नव्हतीच. खोट दिसली की त्या जागी लाल दोऱ्याचा टाका घालायचा, ही तिची कामाची रीत, आणि त्यावरूनच ती दोरावहिनी झाली. बाहेरही जित्याची खोड जात नसे. शेजारी बाळ झालं म्हणून बघायला गेली, तर बाळ कुणावर गेलंय ते नंतर, आधी त्याचं झबलं उलटं करून पाहिलं. लोक तोंडावर हसायचे आणि पाठीमागे म्हणायचे, ही बाई देवाच्या अंगावरच्या कापडालाही दोरा बांधेल.

तपासायची विद्या तिला सासूनं दिली. कापडाच्या नळीच्या पोटात दिव्यांची चपटी चौकट असायची, तिच्यावरून कापड वरून खाली सरकायचं आणि आतला उजेड टाक्याटाक्यातून बाहेर यायचा. सासू म्हणायची, "दोन डोळे म्हणजे भाऊ-भाऊ. एकमेकांना सांभाळून घेतात. एकाला दिसलेली खोट दुसरा झाकतो. रेघ बघायची तर एकाच डोळ्यानं बघावी. आणि नजर बांधायची, कापडाला चालू द्यायचं. कापडाबरोबर नजर पळाली की संपलं." म्हणून दोरावहिनी डावा डोळा मिटायची, उजवा समोर रोखायची आणि दगडासारखी उभी राहायची. रेघ दिसली की नजर न हलवता बोट तिच्यावर टेकवायचं, मग मशीन थांबवायचं, मग डोळे उघडून त्या बोटापाशी दोरा घालायचा. दोन्ही डोळे उघडल्यावर रेघ दिसेनाशी झाली तरी चिंता नाही. सासूनं सांगितलंच होतं तसं.

एके दिवशी सकाळी तिनं थोरलीचा पहिला रोल चौकटीवर चढवला, डावा डोळा मिटला आणि जागच्या जागी थिजली. मधोमध उभी रेघ.

तिनं डोळा चोळला, पुन्हा पाहिलं. रेघ होतीच. चक्रीच्या कापडात. सूर्य पश्चिमेला उगवला असता तरी तिला इतकं नवल वाटलं नसतं. तिनं बोट फिरवलं, बोटाला काहीच लागलं नाही. पण बोटाचं काय, बोट आंधळंच असतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. एक क्षण तिच्या मनात आलंही, की राहू दे, पहिलीच वेळ आहे, घरचाच माणूस आहे. लगेच तिला स्वतःचाच राग आला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय तिनं कधी केला नव्हता. तिनं लाल दोरा ओवला.

चक्री आला. कापडावर वाकला. एक डोळा मिटून पाहिलं, दुसरा मिटून पाहिलं, नाक टेकेल इतका जवळ गेला. मग वहिनीकडे बघितलं.

"बदलतो सुई," एवढंच म्हणाला.

थोरलीच्या सिलिंडरमधली एक सुई मुद्दामच काढून ठेवलेली असायची. तिथे कापडात एक जाळीदार वाट राहते आणि नंतर नळी चिरायची ती त्याच वाटेनं. त्या वाटेपासून लाल दोऱ्यापर्यंत ओळी मोजत गेलं की चोर सुई सापडते. चक्रीनं ती शोधली, काढली, खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून फिरवून पाहिली. मग ती आणि तिच्या आजूबाजूच्या चारदोन बदलून टाकल्या.

पुढच्या रोलमध्ये पुन्हा रेघ. पण मोजून बघतात तर काय, आधीच्या जागेपासून वीतभर लांब. त्याच्या पुढच्या रोलमध्ये आणखी तिसरीकडेच. शेडमध्ये बातमी पसरली, की थोरलीची रेघ चालते. जाड कापडाच्या मशीनवरचा माणूस कमरेला हात लावून बघायला आला. त्याला रेडिओ म्हणायचे, कारण तो कुणी लावला नाही तरी वाजायचा. त्यानं डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "आहे की. चांगली ठसठशीत आहे." मग मालक आले. मालकांना कापड गालाला घासून बघायची सवय होती. त्यांनी गालाला घासलं, मग डोळा मिटला, बराच वेळ पाहिलं. "हं. बारीक आहे," ते म्हणाले, "पण आहे."

चक्री मागे उभा राहून सगळ्यांची तोंडं बघत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. वहिनीला वाटलं, लाज वाटली बिचाऱ्याला.

चक्रीनं मग थोरली उघडलीच. सगळ्या सुया काढल्या, खाचा तेलानं धुतल्या, सगळ्या सुया नव्या बसवल्या. वहिनी आपलं काम सोडून दोनतीनदा तिकडे डोकावून आली. तिला मनापासून वाटत होतं की आता रेघ जावी. नव्या सुयांचा पहिला रोल आला तेव्हा तो तिनं स्वतःच चौकटीवर चढवला. तिनं डावा डोळा मिटला.

रेघ होती.

तिनं दोरा ओवला. तिला काही समजेनासं झालं होतं. नवी सुई, धुतलेली खाच, चांगला दोरा, आणि तरी रेघ, आणि तीही चालणारी. जे होऊच शकत नाही ते रोज सकाळी तिच्या पुढ्यात होत होतं. आणि ते झबल्यांचं तलम कापड लाल दोऱ्यांसकट कातरून यंत्रं पुसायच्या चिंध्या म्हणून जात होतं.

घर एकच होतं. मधे लांब बोळ, एका बाजूला वहिनीच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला चक्रीच्या, आणि बोळात दोघांत मिळून एक पाण्याचं पिंप. पूर्वी त्या पिंपापाशी दोघी जावांच्या गप्पा रंगायच्या. आता धाकटी तांब्या बुडवायची आणि पाठ फिरवायची. एकदा मात्र तिच्यानं राहवलं नाही.

"ताई, एक विचारू? बाहेरचा कुणी असता तर एवढे दोरे बांधले असते?"

"बाहेरचा असता तर आधीच घरी बसवला असता," वहिनी म्हणाली. तिच्या जिभेला हाड नव्हतंच.

"दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरं दिसतं तुम्हाला," धाकटी म्हणाली आणि आत गेली.

वहिनीनं मनावर घेतलं नाही. नवऱ्याची बाजू बायको घेणारच. पण एका संध्याकाळी तिनं जे पाहिलं ते मनाला लागलं. चक्री बोळातून चालत होता, डोळे घट्ट मिटून. एक हात भिंतीला, दुसरा पुढे. पिंपाला वळसा घालून तो दारापर्यंत गेला, तिथून परत फिरला. वहिनी खिडकीत उभी होती. तिला वाटलं, हा आपली नक्कल करतोय. डोळा मिटून खोट काढणारी बाई. तिनं खिडकीचं दार लावून घेतलं आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पोटच्या पोरासारखा वाढवलेला दीर आपली टर उडवतो, हे तिला सहन होईना. भिंतीकडे तोंड करून, डावा डोळा उशीत दाबून पडली, तर भिंतीवरही ओळी आणि त्यात ती मेली रेघ. त्याचं तिला काही वाटलं नाही. दिवसभर कापड बघणाऱ्यांना घरी गेल्यावर भिंतीवर कापड दिसतं, हा त्यांच्या धंद्यातला जुनाच विनोद होता.

मग चक्री स्वतःच मालकांकडे गेला. वहिनी तिथेच कापडाचा नमुना घेऊन उभी होती.

"मालक, मला थोरलीवरून उतरवा," तो म्हणाला. "आता माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"अरे, सुई बदल, तेल बदल, होईल ठीक," मालक म्हणाले.

"सुईचं नाही. माझ्याच्यानंच व्हायचं नाही."

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. रागावेल, भांडेल, मशीनच्या नावानं बोटं मोडेल, हे सगळं तिनं धरलं होतं. हा माणूस थोरली सोडेल, हे स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. तिला म्हणावंसं वाटलं, भाऊजी, असं करू नका. पण तिच्या हातात लाल दोरा असलेला नमुना होता, आणि तो धरून काय बोलणार? चक्री गोदामात गेला, रोल उचलायला.

थोरलीवर रेडिओ आला. "नाचता येईना अंगण वाकडं," असं चक्रीबद्दल दिवसभर बडबडला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पहिल्या रोलमध्येही रेघ निघाली. मग मात्र मालकांनी हात टेकले. सिलिंडरच गेलंय, भंगारात काढा, म्हणाले. भंगारवाला पुढच्या दिवशी दुपारी जेवणानंतर ट्रक घेऊन येणार असं ठरलं.

त्या सकाळी दोरावहिनीचं कामात लक्ष नव्हतं. हे मशीन आधी नवऱ्याचं, मग दिराचं. घरातलं माणूस जावं तसं जाणार होतं, आणि तिच्याच दोऱ्यांनी. तिनं शेवटच्या रोलचा एक तुकडा कापून घेतला, जाळीदार वाटेनं चिरून उघडा केला. पेटीत ठेवायचा होता. ठेवण्याआधी एकदा उजेडावर बघावा म्हणून तिनं तो चौकटीवर पसरला. तुकडा रुंदीला जास्त होता, उभा मावेना, म्हणून आडवा घातला. सवयीनं डावा डोळा मिटला.

समोर ओळी आडव्या झाल्या होत्या. कापडच आडवं, तर ओळी आडव्याच असणार. आणि रेघ उभी होती.

तिला आधी कळलंच नाही की यात काय चुकलंय. ती नुसती बघत राहिली. मग कळलं. सुईची रेघ ओळीबरोबर जाते. कापड आडवं केलं की रेघही आडवी झाली पाहिजे. ही तर सगळ्या ओळींना छेदून उभी होती. असं कुठलीही सुई करू शकत नाही, वाकडी असो, मोडकी असो, नाहीतर सैतानाच्या घरची असो.

तिनं तुकडा फिरवून उभा केला. रेघ उभी. पुन्हा आडवा. रेघ उभीच. सासूचा शब्द मोडून तिनं नजर बाजूला नेली, आणि रेघ नजरेबरोबर बाजूला आली. वर नेली, वर गेली. तिनं कापड उचलून फेकून दिलं. मागे दिव्यांवरची नुसती दुधी काच राहिली. काचेच्या चौकटीची कड बरोबर मध्येच वाकडी होत होती. तिनं दाराकडे पाहिलं, दाराची चौकट वाकडी. मग तिनं उजवा डोळा मिटला आणि डाव्यानं पाहिलं. दार सरळ होतं, काच सरळ होती, खाली पडलेलं कापड धुतल्या तांदळासारखं निर्मळ होतं.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते तिला त्या वेळी कळलं. खरोखरच तिला चौकटीचा आधार घ्यावा लागला. तिला धाकटीचं बोलणं आठवलं, भिंतीवर दिसलेली रेघ आठवली, ते चिंध्या झालेलं कापड आठवलं, बोटाला काहीच लागलं नव्हतं ते आठवलं. बोट खरं सांगत होतं. आणि मग तिला एक वेगळीच शंका आली.

"रेडिओ, इकडे ये," तिनं हाक मारली. तो आला. तिनं तुकडा उचलून त्याच्यासमोर आडवा धरला. "यात रेघ दिसते का?"

रेडिओनं डोळा मिटला. "दिसते की."

"बोट ठेव तिच्यावर."

त्याचं बोट हवेत फिरलं, इकडे गेलं, तिकडे गेलं आणि एका आडव्या ओळीवर टेकलं. वहिनीनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. रेडिओ बंद पडलेला शेडनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"खरं सांगू का वहिनी," तो शेवटी म्हणाला, "मला कधीच दिसली नव्हती. पण तुम्ही आहे म्हणालात. मग नाही कसं म्हणू? आंधळा ठरलो असतो."

मालकांचंही तेच निघालं. रेडिओला दिसते आणि मालकाला दिसत नाही, हे बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांनाही बारीक का होईना पण दिसली होती. दोरावहिनी ऐकत होती. नसलेल्या रेघेला सगळ्या शेडनं मान डोलावली होती. एकच माणूस गप्प राहिला होता. ती तशीच, चपलाही न घालता, गोदामाकडे निघाली.

चक्री रोलांच्या थप्पीपाशी उभा होता. वहिनीला बघून त्यानं हातातला रोल खाली ठेवला. ती इतक्या दिवसांत तिकडे फिरकली नव्हती.

"भाऊजी, थोरलीत रेघ नव्हती," ती म्हणाली. "कधीच नव्हती. रेघ माझ्या डोळ्यात आहे. या उजव्या."

तिनं सगळं सांगितलं, आडवा तुकडा, उभी रेघ, वाकडी चौकट. सांगताना ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. आता हा काय वाटेल ते बोलेल आणि आपण ऐकून घ्यायचं, असं ठरवूनच ती आली होती. चक्री हळूहळू रोलांच्या थप्पीवर बसला. मग त्यानं विचारलं ते असं, की तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"म्हणजे माझे डोळे चांगले आहेत?"

"तुमच्या डोळ्यांना काय झालंय?"

"मला ती रेघ कधी दिसलीच नाही, वहिनी. एकदासुद्धा नाही. तुम्हाला दिसली, रेडिओला दिसली, मालकांना दिसली. रेडिओ काय तलम कापडातला माणूस, त्यालाही दिसली. मला एकट्याला नाही. मी म्हटलं, संपलं, आपले डोळे गेले." त्यानं तळहातांनी तोंड पुसलं. "ज्याला दिसत नाही त्यानं बाळांचं कापड विणू नये. म्हणून उतरलो."

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"त्यानं सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

"आणि मला का नाही बोललात? मला दिसत नाही म्हणून एक शब्द टाकायचा होता."

"कोणत्या तोंडानं बोलू?" चक्री म्हणाला. "आईच्या मागे नजर म्हणजे तुमची. तुम्हाला दिसतंय आणि मला नाही, तर खोट माझ्यातच असणार. तुमच्या डोळ्यात असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही."

वहिनीला बोळातला चक्री आठवला. भिंतीला हात, डोळे घट्ट मिटलेले.

"बोळातून डोळे मिटून फिरत होतात ते..."

"सवय करत होतो. पुरता अंधार व्हायच्या आत घर पाठ झालेलं बरं, म्हटलं. हिला काही सांगितलं नव्हतं." तो थोडा हसला. "पिंपावर मात्र फार आपटायचो सुरुवातीला."

सकाळपासूनचे सगळे धक्के एका बाजूला आणि हा एका बाजूला. नक्कल करतोय म्हणून जिच्या घशाखाली घास उतरला नव्हता, ती बाई तिथेच रोलांवर बसली आणि तोंडावर हात दाबून रडली. आपल्यामुळे एक धडधाकट माणूस आंधळा व्हायची तयारी करत होता, एकटा, भिंतीच्या पलीकडे. आणि आपण खिडकी लावून घेतली. चक्री शेजारी सरकून बसला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "आणि तुमचं आता काय?" तेव्हा तिच्या लक्षात आलं की हा प्रश्न तिनं स्वतःला अजून विचारलाच नव्हता.

ट्रक आला तेव्हा चक्री थोरलीच्या पुढ्यात उभा होता. भंगारवाल्याच्या माणसांनी दोऱ्यांच्या कोनांचं वरचं कडं उतरवलं होतं, ते त्यानं परत चढवायला लावलं. मालक मध्ये काही बोलायला गेले, वहिनीनं त्यांच्या हातात लाल दोऱ्याचं रीळ ठेवलं. "हे तुमच्याकडे ठेवा," ती म्हणाली. "खोट सापडली. माझ्यात सापडली." मालकांनी रीळ घेतलं आणि भंगारवाल्याला ट्रक परत न्यायला सांगितलं. धाकटीला कळलं तेव्हा तिनं कुसळा-मुसळाचं नाव काढलं नाही. भरलेला तांब्या वहिनीच्या दारात ठेवून गेली.

डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून, दिवा लावून बघितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याला चुणी पडली आहे, म्हणाले. ऑपरेशन करू, थोडं सुधारेल, पण पूर्वीसारखं होईल असं सांगता येत नाही. डाव्यालाही जपायचं, त्यालाही होऊ शकतं. चुणी पडते आणि जात नाही, हे दोरावहिनीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी बोळात कुणी नव्हतं. ती आपल्या दारात उभी राहिली, दोन्ही डोळे मिटले आणि भिंतीला हात लावला. भिंत गार होती आणि वाटली होती त्याहून खडबडीत. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. इतकी वर्षं जा-ये केलेला बोळ तिला कळेना.

"थांबा. पुढे पिंप आहे," चक्रीचा आवाज आला. "डावीकडून या."

तिनं डोळे उघडले. तो त्याच्या दारात उभा होता, हातांना थोरलीचं तेल लागलेलं.

"उघडू नका," तो म्हणाला. "उघडले की काही शिकता येत नाही. मिटा परत. मी आहे इथे."

तिनं डोळे मिटले आणि डावीकडून निघाली.